वळणावरची जाळी

"पण कमळ पडलं तर नाही ना, आप्पा? मग तो देठ कशाला हवा होता?"

मल्लेशी दारातूनच बोलला. खांद्याला पिशवी, पिशवीतून करवतीची कमान बाहेर आलेली. म्हणजे स्वारी निघायच्या तयारीनेच आली होती.

आप्पा पात्यांना तेल लावत बसले होते. आप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. गादीवर येण्याआधी उभी हयात सुतारकीत घातलेला माणूस. मल्लेशी आणि मी त्यांच्या हाताखाली लाकडी जाळी कापायला शिकत होतो.

"कुठला देठ?" आप्पांनी विचारलं.

"माहीत नसल्यासारखं करू नका."

आप्पा पुन्हा पात्याकडे वळले...

देठ म्हणजे काय, ते सांगतो. जाळीतलं फूल असो, पान असो, ते कुठून तरी चौकटीला चिकटलेलं राहायला हवं. नाहीतर भोवतालचं लाकूड कापून झालं की ते टपकन खाली. त्या चिकटणीला आम्ही देठ म्हणतो. आप्पांची शिकवण अशी, की आधी कागदावर जेवढं कापून पडायचं तेवढं काळं करा. मग चौकटीवर बोट ठेवा आणि पांढऱ्या पांढऱ्यावरून, बोट न उचलता, प्रत्येक पानापर्यंत जा. बोट उचलावं लागलं तर ते पान तुमचं नाही, केरसुणीचं.

मठाची समाधी तळघरात. तिकडे उतरणाऱ्या जिन्याच्या एका अंगाला भिंत, दुसरं अंग उघडं. त्या उघड्या अंगाला दोन जाळ्या बसवायच्या होत्या. एक वर, सभामंडपाच्या तोंडाशी. ती माझी, आणि ती बसलीही होती. दुसरी खाली वळणावर, मल्लेशीची. आता वरची, सगळ्यांना दिसणारी जाळी माझी असल्यावर माझं बोलणं तुम्ही जरा जपूनच ऐका.

मल्लेशीने काखेतली जाळी पुढे धरली. मला हेवा वाटला, उगाच नाही कशाला म्हणू? मधोमध कमळ, भोवती वेल, आणि देठ पानांच्या टोकांत असे लपवलेले की शोधून सापडू नयेत. एकच देठ आप्पांनी स्वतः आखून दिला होता. कमळापासून वरच्या चौकटीपर्यंत, जाड, तिरका, नजरेला खुपणारा.

तो आता नव्हता.

"कापून टाकला," मल्लेशी म्हणाला. "तरी कमळापर्यंत बोट तीन वाटांनी पोचतं. हलवून पाहिली, झटकून पाहिली. पाकळी हलली नाही."

"नाही हलणार. चांगली कापलीस."

"म्हणजे तो देठ नको होता."

"जाळीला नको होता."

मल्लेशीने माझ्याकडे पाहिलं. हा गडी एरवीही असाच. पंगतीत मी नुसता हसलो तरी त्याला वाटे, आपल्या ताटात काहीतरी घातलंय.

"या गंगाधरच्या जाळीला असला देठ नाही."

"नाही."

"त्याची उजेडात. माझी अंधारात."

"हो."

"आणि अंधारातली, तीही विद्रूप करून. का? मी तुमच्या पुढे जाईन म्हणून?"

माझं डोकं फिरलं. चांगलं सुनवणार होतो, पण आप्पांनी नजरेनेच गप्प केलं.

"उद्या यात्रा आहे," ते म्हणाले. "जाळी आज बसायला हवी."

"आधी खरं काय ते कळू दे. नाहीतर जाळी घेऊन हा मी निघालो. पुन्हा या दारात येणार नाही."

"सांगितलं तर खरं मानशील?"

मल्लेशीने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला.

"नाही," तो म्हणाला.

खोटं बोलला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"मग बसव," आप्पा म्हणाले. "बसवून झाली, की जायचं तर जा."

आम्ही जिना उतरलो. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की क्षणभर काही दिसत नाही, आणि पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या. वळणावर भिंतीला हाताच्या उंचीवर तेलकट काळा पट्टा होता, उतरणाऱ्यांच्या तळहातांचा. उद्या मात्र भिंतीकडून वर येणाऱ्यांची रांग असणार होती. उतरणाऱ्या बाया, कडेवर पोरं घेतलेल्या, जाळीच्या बाजूने.

मल्लेशीने जाळी खांबांत बसवली, स्क्रू पिळले, दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

मी चार पायऱ्या वर थांबलो होतो. आप्पा चढून माझ्यापाशी आले आणि वळले.

"मल्लेशी, तिथेच थांब. खालच्या पायरीवर."

"कशाला?"

"थांब."

"तुम्ही काय करणार आहात?"

आप्पा उतरायला लागले. भिंतीला हात न लावता. वळणावर पोचले आणि एकदम त्यांचा पाय पुढे गेला. हात जाळीवर पडला, नेमका कमळावर, अंगाच्या सगळ्या भारासकट.

काडकन आवाज झाला. कमळ निखळून तळघरात गेलं आणि आप्पांचा हात खांद्यापर्यंत भोकातून आरपार. मल्लेशीने झेप घेऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. दोघेही पायरीवर बसले.

मी धावत खाली गेलो. आप्पांच्या दंडातून रक्त येत होतं. मल्लेशीने मिठी अजून सोडली नव्हती.

मल्लेशीने भोकाकडे पाहिलं. वर, जिथून तो देठ यायचा, त्या चौकटीकडे पाहिलं. मग त्याची नजर आप्पांच्या पायांकडे गेली. पायरी कोरडी होती.

"तुम्ही घसरला नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही मुद्दाम अंग टाकलंत."

"मुद्दामच," आप्पा म्हणाले.

मल्लेशीने त्यांच्या दंडाची जखम तळहाताने दाबून धरली.

"उद्या ज्या बाया उतरतील," आप्पा म्हणाले, "त्या मुद्दाम घसरणार नाहीत."