चितारणीचा पदर

फार फार पूर्वी, आरसे फक्त राजवाड्यातच असायचे तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक चितारीण होती. हात असा, की तिनं काढलेल्या पोपटाला पोरं पेरू दाखवायची. पण लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर व्रण राहिलेले. म्हणून पदर कायम नाकापर्यंत ओढलेला; चित्र काढताना काय तो भुवयांपर्यंत वर सरकायचा.

एकदा राणी म्हणाली, "मुलूखभर फीर आणि सगळ्यांत सुंदर बाईचं चित्र आण. एकच आण. जमलं नाही, तर दरबारातला कुंचला खाली ठेव."

कुंचला गेला, तर बाईकडे उरणार काय? निघाली बिचारी.

समुद्रकाठी एक कोळीण मासे वाळत घालत होती. अंबाड्यात अबोली, हातांवर खवले चमकत होते.

"बस गं जरा, तुझं चित्र काढते."

"माझं? काहीतरीच बाई! डोंगरातली माझी मैत्रीण बघ, बाजाराला मध घेऊन येते ती. ती हसली की माझा अख्खा दिवस गोड जातो."

चितारणीनं कोळणीचं चित्र काढलंच, आणि मग डोंगर चढली. मधवालीच्या हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके, गळ्यात मण्यांच्या माळाच माळा. ती म्हणाली, "इश्श, मी कसली! माळावरची माझी नणंद खरी देखणी." नणंदेला देखणी म्हणणारी भावजय! चितारीण बघतच राहिली. तिचंही चित्र काढून ती माळावर गेली.

नणंद चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. उंच, काळीसावळी, कपाळावर घाम. तिचं चित्र पुरं करून चितारणीनं दमून विचारलं, "आता तू कुणाकडे धाडतेस?"

"कुठे कशाला जायचं? तूच की!"

चितारणीचे डोळे भरले. "थट्टा करतेस होय गं?"

"थट्टा कशाला? इतक्या मायेनं माझ्या धन्यानंही कधी बघितलं नाही माझ्याकडे. बघताना तुझं तोंड कसं उजळतं, तुला काय ठाऊक!" तिनं हलकेच चितारणीचा पदर मागे सारला. "आणि हे व्रण होय? अगं, डाग पडल्याशिवाय भाकरी भाजली म्हणतं का कुणी?"

मग चुलीतला कोळसा घेऊन तिनं फडक्यावर चितारणीला काढलं. एक डोळा वर, एक खाली; पण व्रण एकही सोडला नाही.

दरबारात तीन चित्रं आणि ते फडकं बघून राणी रागावली. "एकच सांगितलं होतं ना?"

"बाईसाहेब, जिला विचारलं तिनं दुसरीचं नाव घेतलं. मी कुणाला वगळू?"

"आणि ही वेडीवाकडी कोण?"

चितारणीनं सगळ्यांदेखत पदर मागे घेतला. राणी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझं नाव घेतलं असतं का गं कुणी?"

"बाहेर येऊन बसा की बाईसाहेब, बायकांत. कुणीतरी घेईलच."

चितारणीचा कुंचला तिच्याकडेच राहिला. चारही चित्रं वेशीवर लागली. आणि राणी रोज पाणवठ्यावर येऊन बसू लागली. महालातल्या आरशावर धूळ साचली, तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

तात्पर्य: आरशात रूप दिसतं, सौंदर्य दिसायला दुसऱ्याची मायेची नजर लागते.