उघाडीजवळचा तांबडा कोपरा

हिराजी पोशा म्हात्रे, वय वर्षे एकाहत्तर, हे फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात भातशेती करीत असत. त्यांचे बियाणे एकजात पांढरे म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले होते. लोंब्या बाहेर पडल्या की हिराजी सगळे घर घेऊन शेतात उतरत आणि निराळे दिसणारे प्रत्येक रोप मुळासकट उपटून टाकत. हा त्यांच्या घराचा तीन पिढ्यांचा शिरस्ता होता.

एके वर्षी उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, सून चांगुणा उपटता उपटता थांबली. तेथे लांब कुसळांच्या तांबड्या लोंब्या उभ्या होत्या.

"माहेरचं गवत ओळखीचं निघालं वाटतं," हिराजींनी टोमणा मारला.

"मामंजी, इथं खारं पाणी झिरपतं. आपलं पांढरं दरसाल पिवळं पडतं, हे मात्र हिरवं आहे. एवढा कोपरा राहू द्या."

हिराजींनी पुष्कळ कुरकुर केली. अखेर, आपल्या कणगीत त्यातला एकही दाणा पडता कामा नये, या अटीवर त्यांनी होकार दिला. चांगुणेने ते बी सुक्या भोपळ्यात राखले आणि पुढल्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात पेरले.

त्या भाद्रपदाच्या अमावास्येला उधाणाने बांध फोडला. खाडी चार दिवस शेतात राहिली. पाणी ओसरले तेव्हा गावभरचे पांढरे भात करपले होते. खायला दाणा मिळण्याची भ्रांत, मग बियाणे कुठले? उघाडीजवळचा कोपरा तेवढा उभा होता.

हिराजींनी एक तांबडी लोंबी तळहातावर चोळून पाहिली. मग त्यांनी विचारले, "हे तू कसं घडवलंस?"

"मी काही केलं नाही, मामंजी. खाऱ्या पाण्यानं निवडलं. मी फक्त उपटलं नाही."

ते बी मूठमूठ घरोघरी गेले. पीक वाढेपर्यंत गाव खाडीच्या मासळीवर आणि डोंगरच्या नाचणीवर राहायला शिकले. तिसऱ्या वर्षी सारी खाचरे तांबडी झाली. हिराजींनी त्या भाताला जाडाभरडा म्हणून नावे ठेवली, परंतु पानात शीत उरू दिले नाही.

तात्पर्य इतकेच की, उद्या कोणते पाणी येईल हे बीजाला ठाऊक नसते आणि माणसालाही नसते. म्हणून आज जे निराळे आहे, त्याला जागा ठेवावी.

त्यानंतर हिराजींच्या घरची माणसे निराळ्या लोंब्यांना सुतळी बांधून त्यांचे बी वेगळे राखू लागली, आणि कणगीशेजारी अकरा भोपळे टांगले गेले.