सूर्याला टिचकी

"पण आत कुणी जाऊन आलंय का?" भुजंगबुवांनी विचारलं.

"कुठे, बुवा?"

"सूर्यात रे."

हेरंब हसला. बुवांचा हा एकुलता एक शिष्य, पदार्थविज्ञान शिकून आलेला. गिरणेच्या पात्रात बुवांची झोपडी, भोवती वाळूत कलिंगडाचे वेल. बुवांचं वय विचाराल, तर आधी बुवा बसले आणि मग नदीनं त्यांना वळसा घातला, असं लोक सांगतात. मी तो वळसा पाहिलाय. खोटं वाटत नाही.

उद्या गावात बुवांचं प्रवचन होतं. बुवांनी त्यांच्या जागी आपल्याला पाठवावं, म्हणून हेरंब सकाळपासून सूर्य सांगत होता.

"जायची गरजच नाही, बुवा! सूर्याच्या पोटात खळखळ चाललेली असते. तिच्या आवाजाच्या लाटा आतल्या आत फिरून वर येतात आणि सूर्याचं अंग थरथरतं. ती थरथर मोजली, की आत कुठे किती तापलंय, कुठला थर कसा फिरतोय, सगळं कळतं."

"म्हणजे टिचकी मारून बघायचं."

"तसंच! आणि गंमत बघा, अंगापेक्षा भोवतीचं वलयच जास्त तापलेलं. अंग हजारांत, वलय लाखांत!"

"असतात असे," बुवा म्हणाले. "आणि एवढी खळखळ, तर आपल्याला ऐकू कशी येत नाही?"

"मध्ये निर्वात पोकळी आहे ना. आवाज पोचतच नाही."

"हं..."

बुवांनी वेलांकडे बोट केलं. "एक पिकलेलं आण."

हेरंब टिचक्या मारत फिरला आणि एक मोठं कलिंगड उचलून आला. "ऐका, बुवा. कसं टणटण वाजतंय!"

बुवांनी सुरी चालवली. आत पांढरंफटक.

मग त्यांनी हाताशी पडलेल्या एका कलिंगडावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. कापलं. लालबुंद.

दोघं खात बसले. बुवा बिया लांबवर थुंकत होते.

हेरंबला राहवेना. "बुवा... उद्या मी जाऊ ना?"

बुवांनी हात पुसले. त्याला जवळ ओढलं. त्याच्या टाळक्यावर एक टिचकी मारली आणि कान लावला.

...

"काय ऐकू आलं, बुवा? अभ्यास तसा पुरा आहे माझा. सूर्यावरच्या वादळांचा भाग तर अजून सांगितलाच नाही तुम्हाला, त्यात असं होतं, की..."

बुवांनी कान काढला नाही.

"थांब," ते म्हणाले, "अजून वाजतंय."