शाल्मली काही सांगत होती

"तुम्ही काय केलं असतं सर? कसं थांबवलं असतं तिला?"

निनाद पायऱ्या चढता चढताच बोलला. लग्नानंतर मोठ्यांच्या पाया पडायला जायचं, म्हणून आम्ही भोरला टिळेकर सरांकडे गेलो होतो. पहिल्या नोकरीत निनादला घडवलं ते याच सरांनी.

पाया पडायचं राहूनच गेलं.

ती, म्हणजे शाल्मली. निनादच्या टीममधली सगळ्यात जाणती मुलगी. तिने राजीनामा दिला होता. ती गेली तर नवं सॉफ्टवेअर उभंच राहणार नाही, हे घरी मी रोज ऐकत होते.

सर ओसरीवर पावटा सोलत होते.

"टीम कशी चालवतोस?"

"एकदम झकास. बाकीच्यांच्या सकाळच्या मीटिंगा रेंगाळतात. माझी मीटिंग चहा गार व्हायच्या आत संपते. कोण कुठे अडलंय ते मला स्क्रीनवर दिसतंच. मीच सांगून टाकतो, ते 'येस' म्हणतात."

"सगळे?"

"सगळे."

"वा..." सर माझ्याकडे वळले. "तुम्हाला कसं वाटलं आमचं गाव?"

"आवडलं तिला," निनाद म्हणाला. "शांत आहे ना."

मी 'येस' म्हटलं नाही, इतकंच.

सर हसले नाहीत. "शाल्मली का चाललीय?"

"पैसे, सर. दुसरं काय असणार?"

"ती म्हणाली तसं?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं ना मला."

सरांनी आणखी एक शेंग सोलली.

"फोन लाव तिला. स्पीकरवर ठेव. 'का चाललीस?' एवढंच विचार... आणि गप्प बस."

निनादने फोन लावला. विचारलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"निनाद, खरं सांगू का..." आवाज अगदी बारीक होता. "मला जायचं नव्हतं रे. पण ना..."

सरांचे हात थांबले.

बोल गं, मी मनात म्हटलं. बोल पुढे.

निनादने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पण... म्हणजे कसं आहे..."

"पगाराचंच ना?" निनाद म्हणाला. "अगं वेडे, आधी नाही का बोलायचं! मी वरती बोलतो. घेऊ वाढवून. टेन्शन घेऊ नकोस."

...

"येस," शाल्मली म्हणाली.

फोन बंद झाला.

निनादचा चेहरा कसा उजळला होता! लग्नातल्या फोटोंतही इतका नाही.

"बघा सर, पैशाचंच होतं. आता घेईल ती राजीनामा मागे."

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली. उठायला त्यांना जरा वेळ लागला.

"नाही रे बाळा... आत्ता दिला तिने."