मोडेल त्याने धरावे

खळ्कन असा एक आवाज मी फार लहानपणी ऐकला. आतल्या घरात काहीतरी पडून फुटलं होतं. मग कोणीतरी मला मांडीवर घेतलं आणि हळूहळू एक गोष्ट सांगितली. ती अशी.

एका राज्यात चिकाड्याची झाडं होती. दुसरीकडे ती कुठेच उगवत नसत. त्या झाडाचा डिंक लावला की फुटलेलं काहीही जुळायचं. मडकं जुळायचं, खांब जुळायचा, हाड जुळायचं, दगडसुद्धा जुळायचा. पण डिंकाची एक अट होती. ज्याच्या हातून मोडलं, त्यानेच ते सांधा सुकेपर्यंत धरून बसायचं. दुसऱ्याने धरलं तर डिंक नुसताच ओघळून जायचा. म्हणून त्या राज्यात रीत पडली होती, मोडेल त्याने धरावे. तिथे कोणी कोणावर ओरडत नसे. सकाळी गल्लीतून चालावं तर कुठल्या ना कुठल्या ओट्यावर कोणीतरी काहीतरी धरून बसलेलं दिसे.

"काय मोडलं?" जाणारा विचारी.

"सासूबाईंचा पाट."

"मग बसा सावकाश." असं म्हणून तो त्याच्या तोंडात गुळाचा खडा घाली. बसणाऱ्याचे हात मोकळे नसत ना.

या रीतीतून एकटाच सुटला होता. तो म्हणजे राजाचा मुलगा अरिंजय.

अरिंजय जन्मला तेव्हा आकाशातली वीज पाळण्यात उतरली आणि त्याच्या दोन्ही मुठींत जाऊन बसली. तो रागावला की मुठी सोन्यासारख्या पिवळ्या व्हायच्या, डोक्यावरचे केस ताठ उभे राहायचे. मारण्याआधी ठोशाचं नाव मोठ्याने ओरडायची त्याला सवय होती. "कडाफोड!" असं ओरडायचा आणि कडा फुटायचा. "ढगपाड!" असं ओरडायचा आणि ढग खाली यायचा. त्याने राक्षस पळवून लावले, अजगर वेशीबाहेर काढले. लोक टेकडीवर चढून टाळ्या वाजवत. मुलगा मनाने वाईट नव्हता. पण टाळीची त्याला भूक होती, आणि ती भूक जेवून भागत नाही.

त्याच्या हातून मोडायचंही पुष्कळ. राजा म्हणाला, "युवराज धरत बसले तर राज्य कोण राखणार?" तेव्हा नोकर धरून बसत. डिंक ओघळे. मग नोकर घाबरून तुकडे सुतळीने बांधत आणि सुतळीवर रंग फासत. राजवाड्याचे खांब सुतळीवर उभे होते. सिंहासनाचा पाय सुतळीवर होता. अरिंजयला वाटे, सगळं जुळलं. त्याने हात लावून कधी पाहिलं नाही.

त्याला एक दूधभाऊ होता, सुभान. दाई वेणूमायचा मुलगा. दोघे एकाच पदराखाली वाढले होते. लढाईत सुभान त्याची ढाल धरायचा. साऱ्या राज्यात सुभान तेवढा टाळ्या वाजवत नसे.

"ठोसा मारतोस ते ठीक," तो म्हणायचा, "पण आधी नाव कशाला ओरडतोस? समोरच्याला कळतं."

"लोकांना कळायला हवं ना, गड्या!"

"लोक काय, आंधळे आहेत?"

असं त्यांचं चालायचं.

एकदा उत्तरेच्या डोंगरात कृष्णाक्ष नावाचा मांत्रिक येऊन राहिला. त्याने एक फुंकर घातली. राज्याच्या कोठारांतल्या सगळ्या धान्याचं सोनं झालं आणि उडत जाऊन डोंगराच्या पोटात शिरलं. सोनं कोणाला खाता येतं? बरं, जो त्या सोन्याला हात लावी तो दगड होई. डोंगराच्या तोंडाशी माणसं, शेळ्या, पाखरं दगड होऊन उभी होती.

अरिंजय निघाला. सुभान निघाला. मागोमाग अर्धं नगर टेकडीवर जाऊन बसलं.

मांत्रिकाने मूठभर सोनं अरिंजयच्या अंगावर उधळलं. सुभान मधे आला. ढालीवरून एक कण घरंगळून त्याच्या बोटाला लागला. सुभान जिथल्या तिथे दगड झाला, ढाल पुढे धरलेलाच. मांत्रिक हसला आणि बरोबर त्या दगडापुढे येऊन उभा राहिला. आता ठोसा त्याच्या आरपार गेला तर थेट सुभानलाच लागणार. अरिंजयने दोन पावलं बाजूला व्हायला हवं होतं. पण टेकडीवर लोक श्वास रोखून उभे होते.

"कडाफोड!" अरिंजय ओरडला.

मांत्रिकाची राख झाली. त्याच क्षणी शेळ्या बें बें करू लागल्या, पाखरं उडाली, दगडाची माणसं डोळे चोळू लागली. फक्त सुभान जागा झाला नाही. त्याचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना उडून गेले होते. एक दगड उरला म्हणून शापही उरला, आणि सोनं सोनंच राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकाने थांबवल्या, मग दुसऱ्याने.

नुकतीच जागी झालेली एक साळुंकी अरिंजयच्या खांद्यावर येऊन बसली. "शाब्बास," ती म्हणाली. "नाव छान होतं ठोशाचं."

"गप्प बस."

"दगड होते तेव्हा गप्पच होते. आता बोलणार. तुकडे कुठे पडले ते मी पाहिलंय. पाय पूर्वेच्या नदीवर. धड पश्चिमेच्या कड्यावर. डोकं पडलंय वेणूमायच्या अंगणात. डिंक बरोबर घे. धरायचं तुलाच आहे."

वेणूमायचं घर राजवाड्याला लागून होतं, हाकेच्या अंतरावर. पण अरिंजय म्हणाला, "आधी पूर्वेला जाऊ." साळुंकीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं.

पूर्वेच्या नदीवर एक म्हातारी सुभानच्या पायांवर धुणं आपटत होती.

"आजी, तो दगड माझ्या भावाचा आहे."

"असेल बाबा. पण मला सोयीचा आहे. एवढा ढीग धुऊन दे आणि घेऊन जा."

"मी युवराज आहे."

"मग उन्हं उतरायच्या आत होईल तुझं."

अरिंजयने पहिली चादर उचलली आणि ती टर्रकन फाटली.

"अरे, ओरडायचं राहिलं," साळुंकी म्हणाली. "चादरफाड!"

त्याच्या मुठी पिवळ्या झाल्या. पण म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुझ्याजवळ डिंक दिसतोय. बस आता धरून." तो बसला. जन्मात पहिल्यांदाच बसला. चादरीच्या दोन कडा बोटांत धरून तो पाण्याकडे बघत राहिला. मुठी तापल्या की डिंक पातळ होई आणि पुन्हा लावावा लागे. म्हातारीने त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला. सांधा धरला. दुसरं कापड घेताना त्याला दिसलं की आपण ज्यावर आपटणार आहोत ते भावाचे पाय आहेत. मग त्याच्याने आपटवेना. तो कपडे चोळून धुवायला लागला. हळूहळू हात हलका झाला. ढिगाच्या तळाशी तान्ह्या मुलाचं एक झबलं होतं. तेही त्याने धुतलं आणि त्याची शिवणसुद्धा उसवली नाही. म्हातारीने झबलं उन्हात धरून पाहिलं. "ने तुझा दगड," ती म्हणाली.

पश्चिमेच्या कड्यावर हत्तीएवढी एक गरुडीण बसली होती. तिच्या पोटाखाली सुभानचं धड होतं. ती ते उबवत होती.

"माते, ते अंडं नव्हे," अरिंजय म्हणाला.

"माहीत आहे," गरुडीण म्हणाली. "माझं अंडं शेजारी आहे. तुझा कडाफोड झाला तेव्हा माझाही कडा हलला. ऊब द्यायला काहीतरी हवं म्हणून हे घेतलं."

घरट्यात कवचाचे तुकडे पडले होते.

"मी जुळवतो," अरिंजय घाईने म्हणाला. त्याने एकेक कपरा शोधला, डिंक लावला आणि दोन्ही तळव्यांत ते अंडं धरून बसला. वारा सुटला, पाऊस येऊन गेला. कवच पूर्ण जुळलं, कुठे चीरसुद्धा दिसेना. त्याने ते कानाशी लावलं. आत काहीच नव्हतं. त्याने पुन्हा लावलं.

गरुडीण म्हणाली, "किती वेळ ऐकशील?"

अरिंजयने अंडं तिच्या पंखाशी ठेवलं. "हे मला परत करता येणार नाही," तो म्हणाला. "फोडलं मीच."

"हं," गरुडीण म्हणाली. बऱ्याच वेळाने ती धडावरून उठली. "घेऊन जा. तुझं तरी जुळेल." परतीच्या वाटेवर साळुंकी चोच पिसांत खुपसून त्याच्या खांद्यावर बसली. तिला अशाही गोष्टी कळत.

आता वेणूमायचं दार राहिलं. राक्षसांपुढे छाती काढून उभा राहणारा तो मुलगा त्या बुटक्या दारापुढे उभा राहिला आणि त्याचा हात कडीपर्यंत जाईना. शेवटी साळुंकीनेच चोचीने दार टोचलं.

वेणूमाय बाहेर आली. तान्हं मूल घ्यावं तसं दगडी डोकं तिने पदरात धरलं होतं.

"आलास, आरू?" ती म्हणाली. "जवळचं घर, आणि शेवटी आलास."

"माय, डोकं दे. मी धरून बसतो."

"देईन. एक सांग आधी. लोक म्हणतात, तुला तो मागे दिसला नाही. खरं का?"

'खरं' म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. तिला विश्वास ठेवायचाही होता. अरिंजयने खाली पाहिलं, मग वर पाहिलं.

"दिसला होता," तो म्हणाला. "बाजूला होऊन मारता आलं असतं. पण लोक बघत होते, माय."

वेणूमायने डोळे मिटले. मग तिने ते डोकं त्याच्या हातांत दिलं आणि पाट मांडला. त्याच्यासाठी नव्हे, दगड सरळ उभा राहावा म्हणून.

अरिंजयने डिंक लावला, पायांवर धड ठेवलं, धडावर डोकं ठेवलं, आणि दोन्ही हातांनी भावाला कवळून बसला. बातमी नगरात पसरली. युवराज धरायला बसलेत! आधी राजवाड्याची स्वयंपाकीण आली, मोडका झारा घेऊन. "सुतळी सुटली," ती म्हणाली. "तुमचं इथलं झालं की माझाही धरा." तिच्यामागे घंटा घेऊन देवळाचा गुरव आला. स्वतः राजा आला, काखेत सिंहासनाचा पाय. दाराबाहेर चांगली रांग लागली.

इतक्यात जमीन हादरली. अरिंजयने पळवून लावलेला एक राक्षस वेशीतून आत आला. लोक ओरडले, "युवराज, उठा! राक्षस!"

"ए कडाफोड्या!" राक्षस गरजला. "ऊठ! भ्यालास काय? दाईच्या दारात लपलास?"

अरिंजयचे केस ताठ झाले. मुठी पिवळ्या व्हायला लागल्या. सुभानच्या मानेवरचा डिंक थेंबभर ओघळला. अरिंजयने तो थेंब पाहिला. त्याने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा घेतला. पिवळेपणा बोटांच्या टोकांवरून उतरून गेला.

"मी उठू शकत नाही," तो म्हणाला. "भाऊ धरलाय. काय काम आहे?"

राक्षस गोंधळला. त्याने लुगड्याएवढ्या रुमालातून एक मोडका दात काढला. "हा तू तोडला होतास," तो जरा हळू म्हणाला. "चावताना फार त्रास होतो."

"मग रांगेत बसा."

"कोणाच्या मागे?"

"माझ्या," राजा म्हणाला आणि थोडा सरकून बसला. स्वयंपाकिणीने सगळ्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला. राक्षसाला ढेप दिली.

सांधा सुकायला किती वेळ लागला ते कोणी मोजलं नाही. अरिंजयचे हात बधिर झाले, पण हलले नाहीत. मग त्याच्या तळहाताखाली दगड कोमट झाला. मग मऊ झाला. मग त्याच्या बोटांखाली धक् धक् असं लागलं. डोंगराच्या पोटात सोन्याची पुन्हा ज्वारी झाली, बाजरी झाली, आणि डोंगराच्या तोंडातून उतारावरून नगराकडे वाहू लागली. बायका सुपं घेऊन धावल्या. शाप सुटला होता.

सुभानने डोळे उघडले. आधी आईला पाहिलं. वेणूमायने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला. मग त्याने आपल्या मानेवरच्या बारीक रेघेवरून बोट फिरवलं. मग अरिंजयकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

अरिंजयने काही मागितलं नाही. त्याने भावाच्या अंगावरचे हात हळूच काढले आणि आपल्या मांडीवर ठेवले.

सुभान उठला. त्याने एक पाऊल टाकून पाहिलं, मग दुसरं. रांगेने वाट दिली, राक्षसानेही पाय आखडून घेतले. काही न बोलता सुभान अंगणातून बाहेर पडला आणि वाहत्या धान्याच्या कडेकडेने पायवाटेला लागला. अरिंजय त्याच्या पायांकडे बघत राहिला. पाय नीट पडत होते.