तार नवी, नंबर जुना

सोमवारी तांब्याची तार कापणार आणि तारेबरोबर जुना नंबरही जाणार! टेलिफोन कंपनीच्या सरंजामे साहेबांनी हुकूम काढला. नवी काचेची, म्हणजे फायबरची तार, नवा नंबर. हरकत असेल त्याने गुरुवारी साहेबांच्या ग्राहक दरबारात यावे.

हरकत एकीचीच आली. गिरजाबाई खताळ. कुंभेखोऱ्यातल्या सहा गावांत म्हैस अडली की रेडकू सोडवायला हिलाच बोलावतात. खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. घरचा फोन वाजला की ही निघते. अर्धा तास उशीर झाला तर रेडकू जाते, कधी म्हैसही जाते आणि त्या घरचे दूध बंद होते. तिचा नंबर गोठ्यागोठ्यात चुन्याने लिहिलेला. एकवीस वर्षे तोच.

दरबार मंगल कार्यालयात भरला होता. साहेब नवरदेवाच्या खुर्चीत बसले होते. मांडी तेवढी घातली नव्हती. समोर टेबलावर नव्या तारेचा फोन. लोकांना आवाज ऐकवायला त्याला कर्णा जोडलेला.

"काय पाहिजे?" साहेबांनी विचारले.

"नवी तार पाहिजे साहेब. जुनीत नुसती खरखर. माणूस गावाचं नाव कुंभे म्हणतो की कुंभवडे, कळत नाही. पण नंबर माझाच ठेवा."

"नवी तार, नवा नंबर. नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"मी!"

"मग अवघड काय आहे? मोडा की."

लोक हसले. साहेबांना लोक हसलेले आवडत नसे.

"बाई, नंबर बदलला तर लोक नवा पाठ करतील. दोन दिवसांत करतील!"

"म्हैस अडल्यावर माणूस पाठांतर करत नाही साहेब. हाताला सवय असते तोच नंबर लावतो."

"अडाणी माणूस लावतो!" साहेब खुर्चीतून पुढे सरकले. "शिकलेला माणूस असली चूक करत नाही. आमच्या कचेरीचा नंबर एक तारखेला बदलला. जुना बंद, नवा सुरू. काय आभाळ कोसळलं?"

साहेबांना सगळे माहीत होते. म्हैस कशी विते एवढे सोडून.

"मग एक करा," गिरजाबाई म्हणाली. "अशी चूक करणारा शिकलेला माणूस मी दाखवला तर?"

"दाखव! शिकलेला पाहिजे. पगारदार पाहिजे. शुद्धीवर पाहिजे. आणि आज, हा दरबार उठायच्या आत पाहिजे. दाखवलास तर नंबर तुझा. नाही तर सोमवारी पहिली तार तुझी कापतो!"

घड्याळात पावणेबारा. दरबार बाराला उठणार. मागे बसलेल्या खोऱ्यातल्या माणसांनी माना खाली घातल्या. पंधरा मिनिटांत असला माणूस आणायचा कुठून?

गिरजाबाई जागची हलली नाही.

"साहेब, जायची वाट लांब आहे. त्याआधी नव्या तारेचा आवाज तरी ऐकवा. तुमच्या कचेरीत फोन लावा."

"हात्तिच्या! एवढंच?"

"पण मोबाइलात बघून नाही. आपल्या बोटाने. आणि तुमच्याच घरची म्हैस अडलीय असं समजा. रेडकाचे पाय दिसतायत, तोंड दिसत नाही. लवकर साहेब! लवकर!"

साहेबांनी रुबाबात बटणे दाबली. एकदाही थांबले नाहीत. मग ऐटीत सगळ्यांकडे पाहिले.

कर्ण्यातून बाईचा आवाज आला. "आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा."

नव्या तारेचा आवाज खरेच स्वच्छ होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

साहेबांनी कारकुनाकडे पाहिले. "नवा नंबर काय रे आपला?" कारकुनाने हेडक्लार्ककडे पाहिले. हेडक्लार्क छताकडे पाहत राहिला. तिघेही पदवीधर होते.

"शिकलेला आहे, पगारदार आहे," गिरजाबाई म्हणाली. "शुद्धीवर आहे की नाही, तेवढं तुम्ही सांगा!"

"गडबडीत चुकलं!" साहेब ओरडले. "तूच लवकर लवकर करत होतीस!"

"तुम्ही पंख्याखाली बसून चुकलात साहेब. मला फोन करणाऱ्याचे हात कोपरापर्यंत भरलेले असतात."

आता मात्र कार्यालय दणाणले. साहेबांनी शेवटचा डाव टाकला. "पण जुना नंबर नव्या तारेवर जाईल कसा? तो तांब्यातच राहतो."

"जातो साहेब," कोपऱ्यातला लाइनमन मुळूक म्हणाला. "जुनी तार कापायच्या आधी अर्ज आला पाहिजे. कापल्यावर नंबर सुटतो, मग मिळत नाही. आधी अर्ज आला तर जसाच्या तसा जातो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"आपण विचारलं नाही."

साहेब लाइनमनकडे बघत राहिले. मग फोनकडे. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते पोट धरून हसले. दहा वर्षांत कोणी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

"द्या अर्ज, गिरजाबाई! नंबर तुमचाच. वर बक्षीस मागा. काय देऊ?"

"खोऱ्यात आणखी एकोणचाळीस फोन आहेत. त्यांचेही नंबर तेच ठेवा."

"अहो, पैज एका नंबराची होती! लोक तुम्हाला फोन करतात, तुमचा नंबर राहिला. त्यांचे कशाला?"

"रेडकू उठलं का, दूध पिलं का, हे मलाही दुसऱ्या दिवशी विचारावं लागतं. आणि मला त्यांचे जुनेच नंबर पाठ आहेत." गिरजाबाईने पदर सावरला. "नवे दिलेत तर माझीही चूक होईल. मी काय, तुमच्याएवढीच हुशार आहे साहेब!"

साहेब इतके हसले की चष्मा पुसावा लागला. त्यांनी चाळीसही अर्ज तिथेच मागवले, स्वतः सह्या केल्या आणि कंपनीच्या जीपमधून गिरजाबाईला खोऱ्यात पोचते केले.