पुरेमामांची थोपटणी

फार पूर्वी, हत्तींचे कान आजच्याहूनही मोठे होते तेव्हा, एका हत्तीच्या रक्तात चिमट्या नावाचा कामगार राहत असे. हत्तीला खरचटलं की चिमट्या दहा झोपलेल्या सोबत्यांना चिमटे काढून उठवी. ते दहा शंभरांना उठवीत, शंभर हजारांना, आणि ते हजार जण जखमेवर जाळं विणून रक्त थांबवीत.

काम झालं की म्हातारे पुरेमामा येत आणि "पुरे रे बाळांनो," म्हणत एकेकाला थोपटून झोपवीत.

"हा म्हातारा सगळ्यांना आळशी करतोय!" म्हणत चिमट्याने एकदा त्यांना शेपटीच्या टोकाला हाकललं.

नेमका दुसऱ्याच दिवशी हत्तीच्या कानात काटा घुसला. चिमट्याने दहा उठवले आणि बघता बघता भोक बुजलं. पण थांबवणार कोण? हजारांनी लाख उठवले, आणि सगळे विणतच सुटले. कान पापडासारखा कडक झाला. जाळं काळजाकडे सरकू लागलं, तसा हत्ती मटकन खाली बसला.

चिमट्या धापा टाकत शेपटीकडे पळाला. "मामा, चला! हत्ती मेला तर आपण राहायचं कुठे? त्या लाखभर मूर्खांना झोपवा!"

मामा थोपटत निघाले. पण ज्याला ते झोपवीत, त्याला मागून येणारा चिमट्या सवयीने पुन्हा चिमटा काढी. शेवटी मामांनी चिमट्यालाच मांडीवर घेतलं.

"मला का?" पेंगता पेंगता चिमट्या कुरकुरला. "मी तर फक्त दहाच उठवले होते!"